संयुक्त लष्करी सराव: युती नसेल तर उपयोग किती?

मीनल औंधकर

नमस्कार मंडळी. औंधच्या लष्करी तळावर परदेशी सैन्यांबरोबर सराव होतात याचं पुणेकरांना आता नवल राहिलेलं नाही. मार्च २०१६ मध्ये आसियान आणि इतर मिळून १८ देशांचा 'फोर्स १८' झाला. २०१८ मध्ये बिमस्टेक गटातले, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतालचे देश आले, २०१९ मध्ये आफ्रिकी देश आणि मालदीव, २०२३ मध्ये परत आफ्रिका. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाबरोबरचा 'ऑस्ट्राहिंद' संपला आणि आठ-दहा दिवसांत कंबोडियाची तुकडी हजर.

या यादीत आणखी एक नाव आहे, ते मला टोचतं. 'हँड इन हँड'. २०१४ आणि २०१६ मध्ये चिनी सैन्याची तुकडी याच औंधमध्ये आपल्या जवानांबरोबर दहशतवादविरोधी सराव करून गेली. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये आपले २० जवान गेले, तेव्हा समोर तेच सैन्य होतं.

नाटोचं मला समजतं. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला असं त्यांनी लिहून दिलंय, त्यामुळे एकत्र लढायचं तर एकत्र शिकायला हवंच. आपली कोणाशीच तशी युती नाही. अमेरिकेबरोबर 'युद्ध अभ्यास', रशियाबरोबर 'इंद्र', फ्रान्सबरोबर 'वरुण', जपानबरोबर 'धर्म गार्डियन'. जो उद्या आपल्या बाजूने लढेलच असं नाही, त्याच्याबरोबर दोन आठवडे घालवून सैन्याच्या हाती काय लागतं? माझं मत विचाराल तर बराचसा भाग परराष्ट्र खात्याच्या कामाचा आहे, सैन्याच्या नाही. इथे फौजेतली माणसं आहेत, परदेशात राहणारे आहेत. सगळ्यांनी लिहा.

रानवारा

महत्त्वाचा विषय. वाचतेय.

सुभेदार सातारकर

मीनलताई, निवृत्त पायदळवाला म्हणून लिहितो. जे वर्तमानपत्रात छापून येतं तेवढंच सांगेन, बाकीचं सांगायचं नसतं.

पायदळाचा असा सराव बहुतेक वेळा कंपनीएवढ्या तुकडीचा असतो, दोन्हीकडून शंभर-सव्वाशे माणसं. कागदावर परिस्थिती मांडलेली असते ती बहुधा संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखालची: एका देशात बंडाळी आहे, संयुक्त राष्ट्रांनी सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली, म्हणजे बळ वापरायच्या परवानगीसह, फौज पाठवली आहे. पहिले काही दिवस एकमेकांची हत्यारं ओळखायची, एकमेकांच्या खुणा शिकायच्या. मग दोन्हीकडचे जवान मिसळून सेक्शन, म्हणजे दहाएक जणांचे गट, करतात. घेराव आणि झडती, खोलीत शिरणं, हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरणं, जखमीला बाहेर काढणं. शेवटी दोन-तीन दिवस सलग अंतिम सराव, आणि मग समारोप.

आता हाती काय लागतं ते. आपली फौज पिढ्यानपिढ्या निळी टोपी घालून काँगो, दक्षिण सुदान, लेबनॉन इथे जाते. तिथे शेजारच्या चौकीवर दुसऱ्याच देशाची पलटण असते. रात्री दोन वाजता त्यांच्या चौकीवर गोळीबार झाला तर मदतीला कुठून यायचं, आमची गाडी त्यांनी कशी ओळखायची, जखमींसाठी हेलिकॉप्टर मागवताना कोणत्या क्रमाने काय सांगायचं, हे तिथे जाऊन शिकायचं म्हटलं तर माणसं मरतात. आफ्रिकी देशांच्या सरावाला औंधमध्ये लोकांनी फार भाव दिला नाही. माझ्या मते तो सगळ्यात कामाचा होता, कारण आपल्या जवानाला त्याच मुलखात त्याच सैन्यांबरोबर उभं राहायचं असतं.

चीनचं सविस्तर नंतर लिहितो. त्यांच्याबरोबरचा सराव आमच्या बेळगावलाही झाला होता, डिसेंबर २००८ मध्ये.

गोदातीर

मी मीनल यांच्याही पुढे जाऊन म्हणेन की नुकसान होतं. आपण आपल्या पद्धती दुसऱ्याला दाखवतो. २००८ साली आपली सुखोई-३० विमानं अमेरिकेत नेलिसच्या 'रेड फ्लॅग' या हवाई सरावाला गेली. नंतर एका अमेरिकी अधिकाऱ्याचं भाषण इंटरनेटवर फिरलं. सुखोई कशी वळते, कुठे कमी पडते, याची त्याने सभेत चिरफाड केली होती. पैसे आपले, इंधन आपलं आणि धडा त्यांना.

निळासागर

@गोदातीर, त्या भाषणावर तेव्हा पुष्कळ वाद झाला होता. आपल्या वैमानिकांनी रडार प्रशिक्षणाच्या मोडमध्ये ठेवलं होतं, खरी क्षमता उघड होऊ नये म्हणूनच. शिवाय अमेरिकी विमानं आपापसात ज्या डेटा लिंकने बोलतात ती आपल्या विमानांत नव्हती. आपलं कोण आणि परकं कोण हे त्यांच्या पडद्यावर दिसायचं, आपल्याला रेडिओवर विचारावं लागायचं. ही अडचण तिथे सरावात कळली. लढाईत कळली असती तर? आणि बघणारे आपणही होतोच की. त्यांची हवेत इंधन भरणारी टँकर आणि टेहळणी विमानं शंभरेक विमानांचा मेळ कसा घालतात हे घरी बसून शिकता येत नाही.

पुढे २०१८ मध्ये अमेरिकेबरोबर कॉमकासा करार झाला, सांकेतिक संपर्कयंत्रणा देण्याघेण्याचा. त्याआधी अमेरिकेकडून घेतलेली आपली पी-८आय ही सागरी टेहळणीची आणि सी-१३०जे ही मालवाहू विमानंसुद्धा बाजारात मिळणाऱ्या साध्या संपर्कयंत्रणेवर चालत होती.

दर्याफिरस्ता

मी नौदलात होतो, आता मुंबईत असतो. माझ्या डोक्यात हा विषय निघाला की कुर्स्क येते, म्हणून जरा लांबण लावतो.

१२ ऑगस्ट २००० ला बॅरेंट्स समुद्रात रशियाची कुर्स्क पाणबुडी स्फोट होऊन बुडाली. ११८ माणसं. खोली शंभर मीटरच्या थोडी पुढे, म्हणजे पाणबुडीच्या हिशेबाने उथळच. त्यातली २३ माणसं स्फोटातून वाचून मागच्या नवव्या कप्प्यात गोळा झाली होती. एका अधिकाऱ्याने अंधारात नावांची यादी लिहिली, ती नंतर त्याच्या खिशात सापडली. वर रशियन बचावयान पुन्हा पुन्हा खाली जात होतं, पण सुटकेच्या झाकणाभोवतीच्या कड्यावर त्याला घट्ट बसता येत नव्हतं. ब्रिटन आणि नॉर्वेने मदत देऊ केली, ती स्वीकारायला चार दिवस गेले. पाण्याखाली उतरलेल्या नॉर्वेच्या डायव्हरांनी २१ तारखेला झाकण उघडलं, तोवर आत पाणी होतं. ती २३ माणसं पहिल्या काही तासांतच गेली असावीत असं चौकशीत निघालं, त्यामुळे मदत लवकर आली असती तर ती जगली असती असं मी म्हणणार नाही. पण मदत करणाऱ्याला त्या झाकणाची मापं माहीत नाहीत, एकमेकांचे फोन नंबर माहीत नाहीत, कोणी कोणाला विचारायचं हे ठरलेलं नाही, ही अवस्था जगभरच्या नौदलांनी पाहिली.

२००३ मध्ये पाणबुडी बचावाचं एक आंतरराष्ट्रीय संपर्क कार्यालय उभं राहिलं, इस्मर्लो नावाचं. कोणाचं बचावयान कुठे आहे, ते कुठल्या विमानात मावतं, जवळचा विमानतळ आणि जहाज कोणतं, हे तिथे नोंदलेलं असतं. ऑगस्ट २००५ मध्ये कामचाटकाजवळ रशियाचीच एक छोटी पाणबुडी जाळ्यात अडकली, आत सातजण. या वेळी रशियाने लगेच मदत मागितली. ब्रिटनने स्कॉर्पिओ हे रिमोटवर चालणारं यंत्र विमानाने पाठवलं, जाळी कापली आणि सातही जण जिवंत वर आले. ब्रिटन आणि रशिया मित्र होते म्हणून हे झालं नाही. दोघांना काय करायचं ते माहीत होतं.

आता आपलं सांगतो. एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची नांगाला पाणबुडी बालीच्या उत्तरेला बेपत्ता झाली, ५३ माणसांसह. खबर येताच दुसऱ्या दिवशी आपलं बचावयान विशाखापट्टणमहून निघालं. सिंगापूरचं जहाजही धावलं. पाणबुडी आठशे मीटरच्याही खाली तुटलेल्या अवस्थेत सापडली, कोणालाच काही करता आलं नाही. पण निरोप, परवानगी, वाट, सगळं एका दिवसात झालं. इंडोनेशियाशी आपली कुठे युती आहे? सप्टेंबर २०२५ मध्ये आपलं नवं 'निस्तार' हे बचावजहाज सिंगापूरला याच कामाच्या 'पॅसिफिक रीच' सरावाला जाऊन आलं. मीनलताई, त्या सरावाला मी समारंभ कसा म्हणू?

रानवारा

दर्याफिरस्ता, ती खिशातली यादी वाचून काटा आला. दंडवत.

स्वाती सिंगापूर

आमच्याकडच्या आयांना हा विषय फार जवळचा आहे. इथे कायम रहिवासी असलेल्या घरांतल्या मुलांनाही दोन वर्षं लष्करी सेवा करावी लागते, आणि त्यात मराठी मुलं पुष्कळ आहेत. माझा मुलगा 'वॉलबी' सरावासाठी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला जाऊन आला. सिंगापूर म्हणजे मुंबईपेक्षा थोडंसंच मोठं. एवढ्याशा बेटावर तोफ डागली तर गोळा समुद्रात नाहीतर शेजारच्या देशात. म्हणून इथलं सैन्य दुसऱ्यांच्या जमिनीवरच शिकतं: ऑस्ट्रेलिया, थायलंड, तैवान, फ्रान्स, अमेरिका आणि भारत.

दुसऱ्यावर अवलंबून राहण्याची किंमतही आम्ही पाहिलीय. नोव्हेंबर २०१६ मध्ये तैवानमधला सराव उरकून परतणारी आमची ९ चिलखती वाहनं हाँगकाँग बंदरात अडवली गेली आणि दोन महिने अडकून पडली. तैवानशी लष्करी संबंध ठेवलेले चीनला नको होते. तेव्हा सराव कोणाबरोबर आणि कुठे करता याला राजकारण चिकटतंच. पण करायचाच नाही हा पर्याय छोट्या देशाला नसतो.

भगूरचा मध्या

स्वातीताई, तुमच्या त्या तोफा आमच्या अंगणात असतात! देवळालीला तोफखान्याची शाळा आहे, तिथल्या रेंजवर सिंगापूरच्या तोफखान्याबरोबर 'अग्नी वॉरियर' होतो. २०२२ मध्ये झाला, २०२४ मध्येही झाला. दोन्ही देशांत तसा करार आहे, त्यांचे रणगाडे झाशीजवळ बबीनाला जातात आणि लढाऊ विमानं बंगालमध्ये कलाईकुंडाला. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका आवाजावरून सांगतात, आज मोठी तोफ आहे की लहान. पाहुणी आहे की घरची एवढं मात्र अजून त्यांना ओळखता येत नाही. :)

स्वाती सिंगापूर

@मध्या, आजींना माझा नमस्कार सांगा. आणि पोरांना एकदा नाशिकची मिसळ खाऊ घाला. इथल्या मेसचं खाऊन कंटाळलेली असतात.

भगूरचा मध्या

मिसळ झेपेल का त्यांना? रस्सा कमी तिखट ठेवायला सांगतो.

ऱ्हाइनकाठी

जर्मनीतून लिहितोय. मीनल म्हणतात तशी युती रोजच्या आयुष्यात कशी दिसते ते सांगतो. इथे जुन्या पुलांजवळ पिवळ्या गोल पाट्या दिसतात, त्यावर रणगाड्याचं किंवा ट्रकचं चित्र आणि एक आकडा. या पुलावरून कोणत्या वर्गातलं लष्करी वाहन जाऊ शकतं याचा तो आकडा. नाटोच्या सगळ्या देशांत वर्गवारी एकच, म्हणजे अमेरिकी चालकाला जर्मन येत नसलं तरी चालतं. शीतयुद्धात अमेरिकेहून फौजा आणून इथे 'रिफॉर्जर' नावाचा सराव होत असे, १९६९ पासून १९९३ पर्यंत. १९८८ मध्ये त्यात सव्वा लाखाच्या आसपास सैनिक होते. शेतांतून रणगाडे जायचे आणि नंतर पिकाची भरपाई मिळायची, असं इथले म्हातारे सांगतात.

शीतयुद्ध संपलं तसं हे मागे पडलं, नव्या पाट्या लावणं थांबलं. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर सगळ्यांना जाग आली. २०२४ च्या 'स्टेडफास्ट डिफेंडर'मध्ये सुमारे ९०,००० सैनिक होते. आणि अडचणी अगदी साध्या निघतात. बाल्टिक देशांत रुळांची रुंदी १,५२० मिलिमीटर, पोलंडमध्ये १,४३५. सीमेवर रणगाडे एका गाडीवरून उतरवून दुसऱ्या गाडीवर चढवा. सीमा ओलांडायच्या परवान्यांचे कागद वेगळेच. सात दशकं जुनी युती, तरी ही स्थिती.

गोदातीर

ऱ्हाइनकाठी, तुमच्या प्रतिसादाने माझा आणि मीनल यांचा मुद्दा पक्काच होतो. युती असून, पैसा असून, इतकी वर्षं घालवूनही त्यांचं अडतं. आपण वर्षातून दोन आठवडे भेटून काय जुळवणार? दर्याफिरस्ता यांचं पाणबुडी बचावाचं मान्य, ते माणुसकीचं काम आहे. मी युद्धसरावाबद्दल बोलतोय.

निळासागर

@गोदातीर, मग 'मलबार' पाहा. १९९२ मध्ये भारत-अमेरिका नौदलांचा सराव म्हणून सुरू झाला, अगदी प्राथमिक. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने बंद केला, २००२ मध्ये पुन्हा सुरू. २००७ मध्ये बंगालच्या उपसागरात जपान, ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूरही आले. चीन चिडला, इथे डाव्यांनी मोर्चे काढले आणि पुढची काही वर्षं आपण पुन्हा आवरतं घेतलं. २०१५ मध्ये जपान कायमचा आला. ऑस्ट्रेलिया परतला तो २०२० मध्ये, गलवाननंतर. त्या नोव्हेंबरमध्ये गोव्याजवळच्या समुद्रात आपली 'विक्रमादित्य' आणि अमेरिकेची 'निमित्झ' या विमानवाहू नौका एकत्र होत्या.

या चौघांचं एकत्र येणं मुळात सरावातून नाही, डिसेंबर २००४ च्या त्सुनामीतून सुरू झालं. भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलियाने मदतकार्यासाठी घाईघाईने गट केला होता. म्हणजे गरज आधी, सराव मागून.

आणि युद्धाच्या कामाचं म्हणाल, तर अमेरिकेबरोबरचा २०१६ चा लेमोआ करार. एकमेकांच्या तळांवर इंधन आणि सामान घ्यायचं, हिशेब नंतर. गलवाननंतर पूर्व लडाखमध्ये हजारो जवानांना अचानक हिवाळा काढायचा होता, तेव्हा कडाक्याच्या थंडीचे कपडे अमेरिकेकडून याच कराराखाली आले. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या पी-८ विमानाने पोर्ट ब्लेअरला इंधन भरलं. कोणी आपल्या बाजूने लढायला आलं नाही, येणारही नाही. पण जवानाच्या अंगावर गरम कोट आला.

रत्नांग्री

गोव्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या कोकणाचंही नाव घ्या! भारत आणि ब्रिटनच्या नौदलांच्या सरावाचं नावच 'कोकण' आहे, २००४ पासून. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिन्ही दलांचा 'कोकण शक्ती' झाला, त्यात 'क्वीन एलिझाबेथ' ही विमानवाहू नौका होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि आपली 'विक्रांत' एकत्र होत्या. आमच्या बंदरातल्या खलाशांना याचा पत्ताही नसतो. कधीतरी शाळेतल्या पोरांना असं जहाज लांबून का होईना दाखवावं, किती मुलं नौदलात जातील!

दर्याफिरस्ता

+१. मुंबईत नौदल सप्ताहात जहाजं पाहायला रांगा लागतात. रत्नागिरीला हे व्हायलाच हवं.

अपर्णा खडकी

'फोर्स १८'चा उल्लेख झाला म्हणून. त्या सरावात भारताच्या ४० जणांच्या तुकडीचं नेतृत्व तेव्हाच्या लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांनी केलं होतं. १८ देशांच्या तुकडीप्रमुखांत त्या एकट्या महिला होत्या. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरची माहिती देताना त्यांना सगळ्या देशाने पाहिलं, पुण्याने नऊ वर्षं आधी. विषय भूसुरुंग काढण्याचा आणि शांतिसेनेचा होता. कंबोडिया, लाओस या देशांत आजही जुन्या स्फोटकांनी शेतकऱ्यांचे पाय जातात. तिथल्या सैनिकांबरोबर हे शिकण्यात नुकसान काय ते मला तरी दिसत नाही.

गोदातीर

अपर्णाताई, भूसुरुंगांचं मान्य. पण औंधचाच २०१८ चा बिमस्टेक सराव आठवा. नेपाळने ऐनवेळी तुकडी पाठवायला नकार दिला, फक्त निरीक्षक आले. आणि त्याच महिन्यात नेपाळचं सैन्य चीनबरोबर सरावाला गेलं. आपण आमंत्रणं वाटायची आणि पाहुण्यांनी फिरकायचं नाही, याला लष्करी उपयोग म्हणता येत नाही.

मीनल औंधकर

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. दर्याफिरस्ता आणि निळासागर यांच्यामुळे मला एक फरक स्पष्ट झाला. कोण कोणासाठी लढेल हा एक प्रश्न. वेळ आली तर एकमेकांचं इंधन, दोर, झाकण, रेडिओ जुळेल का हा दुसरा. दुसऱ्याला युती लागत नाही, हे पटलं. पण सुभेदारसाहेब, चीनचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि धागा मी त्याच्यासाठीच काढला होता.

सुभेदार सातारकर

ताई, विसरलो नाही. नीट लिहायचं म्हणून वेळ घेतला.

'हँड इन हँड' २००७ मध्ये कुनमिंगला सुरू झाला, मग बेळगाव. पुढे बरीच वर्षं खंड पडला, २०१३ मध्ये परत चीनमध्ये, २०१४ मध्ये औंध. २०१७ मध्ये डोकलामच्या सीमेवर दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी होती, त्यामुळे झाला नाही. शेवटचा डिसेंबर २०१९ मध्ये मेघालयात उमरोईला झाला, आणि सहा महिन्यांत गलवान.

बेळगावला मी पाहिलं ते असं. त्यांची शिस्त कडक. कवायतीत तोड नाही, पण सेक्शन कमांडरला अचानक परिस्थिती बदलून दिली की तो मागे वळून अधिकाऱ्याकडे बघायचा. आपला नाईक आधी हालचाल करायचा आणि मग कळवायचा. प्रत्येक गटाला दुभाष्या, त्यामुळे गप्पा कमीच. व्हॉलीबॉल मात्र मनापासून खेळले. दोन्हीकडून ठरवूनच फारसं काही दाखवलं जात नव्हतं. अमेरिकी किंवा ब्रिटिशांबरोबर रेडिओ जुळवायचा प्रयत्न असतो, इथे तो कधीच नव्हता. हा सराव एकत्र लढण्यासाठी नव्हताच. सीमेवर गस्ती समोरासमोर आल्या तर समोरच्याला माणूस म्हणून ओळखावं, हात बंदुकीकडे जायच्या आधी दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची झेंडा बैठक व्हावी, एवढीच अपेक्षा होती. गलवानमध्ये ती अपेक्षा मोडली. ज्यांची पोरं गेली त्यांना मी 'सरावाचा उपयोग झाला' असं सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही.

पण तुम्ही तो आणि औंधमधले बाकीचे सराव एका यादीत घातलेत, ते मला मान्य नाही. एक होता तणाव कमी करण्याचा उपाय, आणि तो फसला. बाकीच्यांचा हेतू कामाचा आहे आणि ते चालू आहेत.

ऱ्हाइनकाठी

सुभेदारसाहेब, सेक्शन कमांडरचं निरीक्षण फार मोलाचं आहे. असं समोर उभं राहून पाहिलेलं कुठल्याही अहवालात मिळत नाही.

गोदातीर

सुभेदारसाहेबांचा प्रतिसाद दोनदा वाचला. चीनबरोबरचा सराव वेगळ्या खात्यात टाकायला माझी हरकत नाही. माझी मागणी एवढीच आहे की प्रत्येक मोठ्या सरावानंतर, गुपितं वगळून, काय जमलं आणि काय जमलं नाही हे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे तरी यावं. समारोपाच्या पत्रकात 'परस्पर सामंजस्य वाढलं' एवढंच छापून येतं. ज्याच्या करातून हे चालतं त्याला यापेक्षा जास्त कळायला हवं.

निळासागर

या मागणीला माझा पाठिंबा. नेपाळसारखी ऐनवेळची माघारही त्यात यावी, आणि २००८ च्या डेटा लिंकसारखी अडचण दूर व्हायला किती वर्षं लागली तेही यावं.

सुभेदार सातारकर

माझाही. त्यात एक जोडा: सराव केलेला जवान पुढच्या वर्षी दुसरीकडे बदलून जातो. तो शिकलेलं पलटणीत कोणाला शिकवून गेला का, हेही विचारा.